पकडत नाही, मग शोधता कशाला?

साप पकडत नाही, पाळत नाही, कुणाच्या घरात निघाला तर धरून सोडायलाही जात नाही. मग शोधता कशाला? हे मला इतक्यांनी विचारलंय की आता प्रश्नाआधी विचारणाऱ्याच्या वर जाणाऱ्या भुवयाच दिसतात. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला कुणी म्हणत नाही, मग पोपट का पाळत नाही? फुलपाखरांच्या मागे फिरणारा तर हळवा ठरतो. मी रात्री टॉर्च घेऊन निघालो की मात्र घरातलेसुद्धा एकच म्हणतात: चावला तर?

त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. १९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट या नावाजलेल्या सर्पतज्ज्ञांना बूमस्लँग या आफ्रिकेतल्या विषारी सापाचं पिल्लू चावलं. एकच दात लागला होता. त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही, घरी जाऊन लक्षणं वहीत टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. २००१ मध्ये म्यानमारमध्ये सर्पतज्ज्ञ ज्यो स्लोविन्स्की यांनी बिनविषारी साप समजून पिशवीत हात घातला. आत मण्यारच्या जातीचा साप होता. दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी जाणते. पण दोघांचेही हात सापापर्यंत गेले होते. मी हात लावत नाही. साप साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेपावतो. मी त्याच्या दोन लांब्या तरी मागे बसतो. झालं. भीतीचं प्रकरण माझ्यापुरतं एवढंच आहे.

शोधण्यात काय मिळतं, हे सांगणं जास्त अवघड. चापडा, म्हणजे झाडावरचा हिरवा साप, समोरच्या फांदीवर असतो आणि दहा मिनिटं दिसत नाही. पानं, पानं, पानं, मग त्यातल्या एका पानाला डोळा असतो. तो कधीपासून तिथेच आणि मी त्याच्यावरून चार वेळा टॉर्च फिरवलेला. कुठे बेडूक ओरडतायत, पाऊस थांबून किती वेळ झाला, कुठला दगड अजून उन्हाने कोमट आहे, हे हिशेब करत चालायचं आणि बहुतेक रात्री रिकाम्या कॅमेऱ्याने परत यायचं. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याला मी पटवू शकत नाही, आणि आता पटवायचंही नाही.

पण प्रश्न बहुतेक वेळा येतो तो एका फोटोवरून. फुरश्याचा आहे, डोळे निळे. ‘काय डोळे आहेत हो!’ आणि मग लगेच, ‘पण कशासाठी?’ त्या फोटोबद्दल मी कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातड्यामध्ये द्रव साठतो आणि डोळा दुधाळ निळा होतो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो दडून राहतो. मला तो सापडला कारण मी त्याच्यावरचा दगड उचलला.

दगड कसा उचलायचा ते मला येत होतं. पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे उघडी बाजू तिकडे आणि दगड आपल्याला ढाल. आत वीतभर फुरसं, वेटोळं घालून. खवल्यांवर खवले घासून ते करवतीसारखं खरखरत होतं. मी दगड एका बाजूला टेकवून ठेवला आणि अर्धा तास फ्लॅश मारत बसलो. अंधार पडायला आला होता, बॅटरी संपत आली होती. निघताना दगड होता तसा, अगदी त्याच खळग्यात, हळूच परत ठेवला. आतून खरखर येत होती. मग थांबली. मला वाटलं, शांत झालं बिचारं.

चार दिवसांनी, कात टाकून ताजं झालं असेल तर तेही टिपावं म्हणून गेलो. दगड उचलला. ते तिथेच होतं, त्याच वेटोळ्यात, पण चपटं. मुंग्या लागल्या होत्या.

दगड आधी ठेवायचा आणि सापाला कडेने आपलं आपण आत जाऊ द्यायचं, हा या छंदातला पहिलीतला धडा आहे. तेव्हाचा मी म्हणतो, मला माहीत नव्हतं. खोटं. वाचलेलं होतं. फक्त त्यासाठी आधी त्याला काठीने बाहेर काढावं लागलं असतं, आणि मला वाटलं हात न लावणं म्हणजे त्रास न देणं. तेव्हाचा मी पुढे असंही म्हणतो की फुरसं दिसलं की लोक ठेचतातच, एकाने काय होतं. या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते देताना माझा आवाज चढतो, म्हणजे कुठेतरी ते लागत असणार.

तो फोटो काढून टाकायला हवा होता का? दोनदा काढला, दोनदा परत लावला. चांगला फोटो आहे. तो बघून एका मुलीने मला विचारलं होतं की साप आंधळा आहे का, आणि मी तिला कात टाकण्याबद्दल सगळं समजावून सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

त्यानंतर मी दगड उचलणं बंद केलं, असं लोकांना सांगतो. गेल्या महिन्यात एक उचलला. खाली विंचू होता, साप नव्हता. विंचवाला काडीने बाजूला केलं, दगड ठेवला आणि तो परत आत जाईपर्यंत टॉर्च बंद करून बसून राहिलो. बराच वेळ लागला. फोटो काढला नव्हता.