सुया घेऊन सोलापूरला: तीन दिवस आणि दोन कोन सूत

मुलं शाळेत असेपर्यंत घरातल्या सहली दोनच वेळा निघतात, दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. विणणाऱ्यांनी सोलापूर पाहायला या दोन्ही वेळा चुकीच्या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दिवाळीत कारखाने सुट्टीवर. मुलं शिकायला, नोकरीला बाहेर पडली की डिसेंबरातला एखादा मंगळवार आपला होतो, आणि सोलापूरला जायचं ते तेव्हाच. आमचा बेत पुण्याहून मंगळवारी संध्याकाळी निघून शुक्रवारी सकाळी परत, असा होता. जानेवारीच्या मध्यावर जाणार असाल तर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते हे लक्षात ठेवा. यात्रा पाहण्यासारखीच आहे, पण खोली बरीच आधी धरावी लागते आणि निवांत खरेदी होत नाही.

जाताना हुतात्मा एक्स्प्रेस घेतली. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. प्रवास साधारण चार तासांचा, म्हणजे एक हातपुसणं पूर्ण करण्याइतका. ४ मिमीच्या, म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या सुईवर ४५ टाके घाला आणि दोन्ही बाजूंनी सुलट अशा ९० ओळी विणा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचला, म्हणजे कडा सरळ येतात. हा सव्वाबावीस-साडेबावीस सेंटिमीटरचा चौकोन होतो. टाके ४,०५०, मिनिटाला २५ टाक्यांचा हात असेल तर पावणेतीन तास. बाकीचा वेळ चहाला आणि खिडकीला. गाडीत लांब सरळ सुया नकोत, शेजाऱ्याच्या कोपराला लागतात. ८० सेंटिमीटरची गोल सुई बरी. विणकामाचं वजन मांडीवर राहतं आणि उठायची वेळ आली की टाके मधल्या वायरवर ओढून ठेवता येतात. सूत लोकरीसारखं ताणत नाही, त्यामुळे अंगठा लवकर भरून येतो. अर्ध्या तासाला हात मोकळे करा. संध्याकाळच्या गाडीत रंग फिकाच ठेवा. डब्यातल्या दिव्याखाली गडद निळ्याचे टाके दिसत नाहीत.

बुधवारी सकाळी तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारचा भुईकोट किल्ला, आणि मग दिवसभर सूत. तयार कापडासाठी चाटी गल्ली, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी अक्कलकोट रोडची एमआयडीसी. कारखान्यात आधी फोन करून जा. ओढणी, पदर, सैल बाह्या घालून मागाजवळ उभं राहू नका. पूर्व भागात कानावर तेलुगू जास्त पडेल, पण मराठीत विचारलेलं अडत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागाचं सूत हे विणकामाचं सूत नाही. कोनावर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूवर, २/२० लिहिलेलं असतं, त्याला ‘दोन-वीस’ म्हणायचं: वीस नंबरचे (नंबर म्हणजे सुताची बारीकी) दोन पदर पिळलेले. हे एका ग्रॅममध्ये जवळजवळ १७ मीटर भरतं. ४ मिमीच्या सुईला लागणारं सूत ग्रॅमला दोन-सव्वादोन मीटरचं. म्हणजे दोन-वीसचे आठ पदर एकत्र धरावे लागतात, तेव्हा ग्रॅमला २.१ मीटर होतं. एकेरी वीसचं सूत असेल तर त्याहून बारीक. एकेरी पिळाच्या सुताचं एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर कापड तिरकं जातं, म्हणून ते घेऊच नका. एका हातपुसण्याला चाळीसेक ग्रॅम लागतं. अर्ध्या किलोच्या कोनात बारा होतात, मात्र वजन कोनाचा पुठ्ठा वगळून धरा.

आठ पदर करायची सोपी रीत: स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पाच-पाच ग्रॅमचे आठ छोटे गुंडे करा, ते एका पातेल्यात ठेवा, आठही टोकं एका बांगडीतून ओवा आणि एकाच ताणाने मोठा गुंडा गुंडाळा. घाई केली की एक पदर सैल राहतो आणि विणताना त्याची झोळी बाहेर लोंबते. सुईचं टोक फार अणकुचीदार असेल तर ते पदरांमध्ये शिरतं आणि टाका फुटतो. बोथट टोकाची बांबूची सुई इथे सगळ्यात चांगली. कडेच्या ताणणाऱ्या पट्टीसाठी दोन सुलट, दोन उलट करत बसू नका. सुताची पट्टी दोन धुण्यांत सैल पडते.

दुकानात तीन गोष्टी पाहा. सूत कडक, खरखरीत लागलं तर त्याला खळ आहे. ते लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट साबणाच्या पाण्यात धुवावं लागेल. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून कळतं. आणि पॉलिएस्टर मिसळलंय का हे जाळून: निव्वळ सूत कागदासारखं जळून राख होते, मिसळ असेल तर कडक मणी उरतो. ही परीक्षा खोलीवर, बेसिनमध्ये करायची. दुकानात किंवा कारखान्यात काडी ओढायची नाही, तिथे हवेतही कापूस असतो.

चादरी पाहताना जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीची उलटी बाजू नक्की बघा. नक्षी तीच, रंग मात्र उलटे. सुयांवर हेच दुहेरी विणकामाने, म्हणजे दोन रंगांचे दोन थर एकदम विणून, साधतं, आणि परगावी संसार मांडलेल्या मुलांसाठी गरम भांडी उचलायचे जाड रुमाल करायला ते उत्तम. (यासाठी ॲक्रिलिक लोकर अजिबात नको, ती उष्णतेने वितळते.) दोन रंगांच्या ३५ जोड्या, म्हणजे ७० टाके घाला. प्रत्येक जोडीतला पहिला टाका पहिल्या रंगाने सुलट, दोन्ही धागे मागे. दुसरा टाका दुसऱ्या रंगाने उलट, दोन्ही धागे पुढे. एकच धागा पुढे आणला तर उलट्या बाजूवर आडवा टाका दिसतो. ओळीच्या शेवटी दोन्ही धागे एकमेकांत अडकवा, नाहीतर कडेला दोन थर पिशवीसारखे उघडे राहतात. नक्षी हवी तिथे रंगांची अदलाबदल करायची. ५० ओळींत चौकोन होतो, प्रत्येक रंगाचं २५ ग्रॅम पुरतं. चादरीवरचा मोर साध्या चौकटीच्या कागदावर उतरवून तसाच विणला तर बसका दिसतो, कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो. पाच टाक्यांना सात ओळी हे प्रमाण धरून चित्र आधी उभं ताणून घ्या.

गुरुवारी गाडी करून नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल पाहायचा; पायऱ्या ओल्या आणि अरुंद, तेव्हा विणकामाची पिशवी गाडीतच ठेवा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी हवं असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस जावं लागतं.

परतीची हुतात्मा सकाळी लवकर सुटते, त्यामुळे रात्रीच सामान बांधा. कोन प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे, कारण बरोबर शेंगाचटणी येणारच आणि तिचा तेलकट डाग फिक्या सुतावरून सहजी निघत नाही. कडक भाकरी सगळ्यात वर, डब्यात.