पहाटेचं वादळ आणि बुकित तिमाह

आज पहाटे सिंगापूरला ‘सुमात्रा स्क्वॉल’नं झोडपलं. रात्री सुमात्रा बेटावर आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत ढगांची रांग तयार होते आणि पहाटे पूर्वेकडे सरकत इथे येऊन आदळते. आधी सोसाट्याचा वारा, मग मुसळधार पाऊस, आणि तास-दोन तासांत सगळं शांत!

पाऊस थांबल्यावर बुकित तिमाहवर गेले. उंची अवघी १६४ मीटर, पण देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा हीच. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही टेकडी चिमुकली वाटेल. पण वरचं सदाहरित जंगल बघा, मग बोला. ओली झाडं, अंगाला चिकटणारी दमट हवा, माकडांची टोळी. मला हे जंगल मनापासून आवडतं.

विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटरवर. त्यामुळे बाराही महिने दुपारी ३१-३२ अंश आणि रात्रीसुद्धा पंचविशीच्या आसपास. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, इथे कोरडा असा ऋतूच नाही.

एवढा पाऊस पडूनही पाणी पुरत नाही, कारण बेट लहान, मोठ्या नद्या नाहीत, साठवायला जागा कमी. म्हणून देशाच्या दोन-तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गटारं-कालव्यांतून जलाशयांत नेतात. २००८ साली तर मरीना खाडीच्या तोंडाशी बंधारा बांधून शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा केला. पुढच्या रविवारी तिथेच जाणार आहे. इथल्या मित्रमंडळींपैकी कोणाला यायचं असेल तर कळवा.