रजेवर असताना मी फोन का उचलत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात नवीन आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच: "मॅडम, रजेवर असलात की तुम्ही फोन घेत नाही. मनाला लागत नाही का?"

पूर्वी लागायचं. एका वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी मी दहा दिवसांची रजा टाकली होती. रीतसर अर्ज, साहेबांची सही, सगळं झालेलं. तरी तिच्या पलंगाशेजारी बसून मी दिवसभर ऑफिसचेच फोन घेत होते. एका दुपारी ती काहीतरी सांगायला लागली. मी हात वर करून म्हटलं, "आई, एक मिनिट." बोलणं संपवून वळले तेव्हा ती चादरीची कड बोटांनी सारखी करत होती. "राहू दे गं, विशेष काही नव्हतं." नंतर दोनदा विचारलं. नाहीच सांगितलं तिने.

पगारी सुट्टी ही साहेबांची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, २४ व्या कलमात, ती हक्क म्हणून लिहिलेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारात तर वर्षाला किमान तीन आठवडे पगारी रजा सांगितली आहे, आणि पैसे घेऊन ती किमान रजा सोडून द्यायचा सौदाही त्यात मान्य नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी तर ती फुकटच सोडून दिली होती.

आता आठवडाभर आधीपासून तयारी करते. एक पान लिहिते: अर्धवट कामं, कुठली फाईल कुठे, कुणाला विचारायचं, आणि मी येईपर्यंत काय थांबलं तरी चालेल. हे शेवटचं नक्की लिहा. निम्मे फोन थांबू शकणाऱ्या कामांसाठीच येतात. मग ज्याच्याकडे चार्ज द्यायचा त्याला माझ्या खुर्चीत बसवून एकदा सगळं करायला लावते. तो जिथे अडतो, ते पानात वाढवते.

मागच्या महिन्यात तो रजेवर होता आणि त्याचं पान माझ्या टेबलावर. एका बिलापाशी मी दोन दिवस अडले. त्याचा नंबर समोर होता, लावला नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या फाईलमध्ये उत्तर सापडलं. ते मी त्याच्या पानावर खाली लिहून ठेवलं.