३८ फूट ६ इंच म्हणजे ३८.६ नव्हे गं

जुलैत कोल्हापुरात माणूस उठला की चहाच्या आधी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. किती फूट झालं ते बघायचं, मग बाकीचं. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे इथल्या पोरांना पाढ्याआधी पाठ असतंय, आणि २०१९ ला ५५ च्या वर गेलेलं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना तर सांगायलाच नको.

तर परवा पावसाची सुट्टी होती म्हणून मी ताईकडं शाहूपुरीत बसलेलो आणि भाची अकरावीचं गणित घेऊन आली. दोन बिंदू दिलेत, त्यातून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. "मामा, सूत्र पाठ केलोय की, तरी उत्तर चुकतंय." (आमच्याकडं पोरीपण केलो, गेलो असंच म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.)

म्हटलं पुस्तक ठेव, नदीचंच घे. सकाळी ८ ला ३७ फूट होतं, दुपारी २ ला ३८ फूट ६ इंच. एक्स म्हणजे किती वाजले, वाय म्हणजे किती फूट. झाले की दोन बिंदू.

तिनं लिहिलं (८, ३७) आणि (२, ३८.६). चढ काढला, वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, १.६ भागिले उणे ६. मी म्हटलं चढ उणे आला म्हणजे नदी उतराय लागली, जरा खिडकीतनं बाहेर बघ. मग तिच्या लक्षात आलं, दुपारचे २ म्हणजे १४. आणि ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून ३८.५. सूत्र बरोबरच होतं हो तिचं, बिंदूच चुकीचे लिहिलेले, आणि माझ्या मते निम्म्या पोरांचं असंच होतं, दोष मात्र सूत्राला.

आता चढ १.५ भागिले ६, म्हणजे ०.२५, म्हणजेच तासाला ३ इंच. मग वाय − ३७ = ०.२५(एक्स − ८), सोडवलं की वाय = ०.२५एक्स + ३५. "आणि दुसरा बिंदू घेतला तर?" घे की! वाय − ३८.५ = ०.२५(एक्स − १४), परत ३५ च आले. हे बघून ती जरा वेळ गप्पच बसली, तिला वाटत होतं दोन बिंदूंची दोन उत्तरं येणार.

तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं, दुपारी २ ला ४१ फूट. वेळ तीच, पातळी दोन! आता खाली १४ − १४, शून्य, भागायचं कशानं? रेषा सरळ उभी, एक्स = १४, चढच नाही. अफवेची रेषा अशीच उभी असते म्हटलं, ती हसली.

मग ३९ कधी? एक्स १६, म्हणजे ४ वाजता. आणि ४३? एक्स ३२. "३२ वाजता?" त्यातले २४ वजा कर, उद्या सकाळी ८.

हे "उद्या ८ ला ४३" स्वयंपाकघरात ताईनं ऐकलं, आणि घोळ तिथंच झाला. समीकरण दोन बिंदूंतनं जातंय हे खरं, पण पुढं नदीनं त्याच रेषेवरनं जायचं असं कुठं ठरलंय? पात्राबाहेर पाणी पसरलं की तेवढ्याच पाण्यानं पातळी हळू चढते, पाऊस कमी झाला तर आणखी हळू, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर पुढं चढ परत वाढणार. मी हे समजावून सांगेपर्यंत ताईनं शेजारच्या दोन पोरांना बोलावलेलं.

३९ व्हायला साडेसहा वाजले. सकाळी ८ ला बघितलं तर ४० फूट २ इंच. मी फोन केला तर ताईनं हॅलोपण म्हटलं नाही, म्हणाली, गव्हाचं पोतं माडीवर नेलंय ते आता खाली कोण आणणार, तुझा एक्स का वाय?