आधी डेक उचकटला, मग गझिबो उभा राहिला

मागच्या बागेतला डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, आठ वर्षांचा. त्यावर लाकडी गझिबो, म्हणजे चारी बाजूंनी उघडा छोटा मंडप, उभारायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात दोन शनिवार-रविवारचं काम होतं. चार खांब, चार तुळया, वर छप्पर. खांबांच्या बुडाला पत्र्याचे पाय लावायचे आणि ते डेकच्या फळ्यांना स्क्रूनं आवळायचे. तयार पृष्ठभाग आहेच, मग खड्डे कशाला खणायचे? प्रत्यक्षात सात आठवडे गेले. त्यातले पहिले तीन आठवडे तर डेकच्या वर दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

शेजारच्या काकांचा जन्म सुतारकामात गेलाय. माझा कागद त्यांनी उभ्याउभ्याच पाहिला आणि विचारलं, "छप्पर खाली येणार नाही, ते दिसतंय. वर का जाणार नाही, ते सांग."

उत्तर नव्हतं. वारा छप्पर किती जोरानं उचलेल, याचा रात्री हिशोब केला. वाऱ्याचा वेग मीटर-प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. दर चौरस मीटरला तेवढे न्यूटन दाब. वादळात ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वारा धरला तर ५४० न्यूटन होतात, साधारण ५५ किलो. माझं छप्पर वळचणीसकट ३.६ बाय ३.६ मीटरचं, म्हणजे जवळजवळ १३ चौरस मीटर. ढोबळ हिशोबात वर उचलणारा जोर सातशे किलोच्या घरात गेला. लाकडाचं सगळं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास. उरलेला भार कोण धरणार? २८ मिलिमीटरच्या फळीत घुसलेले सोळा स्क्रू?

डेक म्हणजे शेवटी जमिनीलगतचा कडीपाटच: खाली आडव्या कड्या, वर फळ्या. माणसं आणि खुर्च्या पेलायला केलेला. त्याच्या फळ्या पावसात फुगतात, उन्हात आक्रसतात. त्यावर छप्पर उभं करणं म्हणजे हलत्या पाटावर समई ठेवणं. मग ठरलं: खांब डेकला शिवणारसुद्धा नाहीत. फळ्यांत भोकं पाडून ते खाली जमिनीत जातील, आपापल्या पायावर उभे राहतील.

फळ्या उचकटायला घेतल्या आणि खरी करमणूक सुरू झाली. निम्म्या स्क्रूंची डोकी गंजून गुळगुळीत झालेली. पहारीनं फळ्या उचलल्या तर खालच्या एका कडीत स्क्रूड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा शिरला. वरून काहीच कळत नव्हतं. दोन फळ्यांच्या फटीतून आठ वर्षं पाणी त्याच जागी ठिबकत होतं. ती कडी बदलली आणि सगळ्या कड्यांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवून टाकली. खांबांच्या तीन मीटरच्या चौकोनाचे दोन कोपरे नेमके कड्यांवर येत होते. कडी तोडून बाजूला आडवे तुकडे जोडता आले असते, पण मी अख्खा चौकोनच नऊ सेंटीमीटर सरकवला. चौकोन सरकवायचा मोह प्रत्येकाला व्हायला हवा, कारण तोडलेली कडी पुन्हा नीट बसवणं कटकटीचं असतं.

आखणी करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. डेकच काटकोनात नव्हता. दोन कर्णांत साडेतीन सेंटीमीटरचा फरक. गझिबोला मात्र ही सवलत नाही, कारण खाली चुकलेला कोन वर छपरात पुन्हा भेटतो. दोरी ताणली, दोन्ही कर्ण ४.२४३ मीटर येईपर्यंत खुंट्या हलवल्या आणि एक बाजू फळ्यांच्या रेषेला समांतर ठेवली. दुसऱ्या बाजूचा तिरकेपणा अजूनही दिसतो. मला दिसतो, पाहुण्यांना दिसत नाही.

चार खड्डे, प्रत्येकी ४० बाय ४० सेंटीमीटर, ६० खोल. तेही डेकच्या कड्यांमधून वाकून खणलेले, त्यामुळे खोऱ्याऐवजी बहुतेक काम पत्र्याच्या डब्यानं झालं. काँक्रीट एकास दोनास चार: सिमेंट, वाळू, खडी. एका खड्ड्यात साधारण २३० किलो बसतं, म्हणजे चारांत नऊशेच्या वर. वाऱ्याचा हिशोब तिथे मिटला. ओल्या काँक्रीटमध्येच यू आकाराच्या, जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या पट्ट्या रोवल्या, अशा की खांबाचं बूड काँक्रीटपासून पाच सेंटीमीटर वर राहील. लाकूड कुजतं ते बहुतेक बुडातून, कारण कापलेल्या टोकाच्या उघड्या नळ्या पाणी वर ओढून घेतात. म्हणून जिथे जिथे कापलं, तिथे तिथे लाकूडरक्षक द्रवाचे दोन हात दिले. वाळवी-बुरशीरोधक लाकडात बहुधा तांब्याची संयुगं असतात. ती साध्या लोखंडाला खातात. त्यामुळे बोल्ट-स्क्रू सगळे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. मग सात दिवस काँक्रीटवरचं गोणपाट भिजवत ठेवणं एवढंच काम होतं, आणि तेच सगळ्यात जड गेलं.

खांब १२० मिलिमीटरचे चौरस. ते मुद्दाम लांब ठेवले, ओळंब्यात उभे केले, तिरक्या पट्ट्यांनी धरले आणि मग पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं चौघांवर एकच उंची खुणावून माथे कापले. जमीन सपाट असल्याचं गृहीत धरून खाली मापं घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. खांबाभोवती फळ्यांत दहा मिलिमीटरची फट सोडली. डेकला हलायचं तर हलू दे.

तुळया बसल्या आणि मी खुशीत एका खांबाला तळहात टेकवला. अख्खा सांगाडा डुलला. ढकललंसुद्धा नव्हतं, नुसता हात ठेवला होता. काका हसले. चौकोन कितीही जाड लाकडाचा केला तरी कोपऱ्यात मुडपतो, त्रिकोण मुडपत नाही. खांब आणि तुळई यांच्यामध्ये ४५ अंशांत तिरके टेकू घालायचे होते. कोपऱ्यापासून दोन्हीकडे ६० सेंटीमीटर म्हणजे टेकूची लांबी ८५ च्या जवळ. प्रत्येक खांबाला दोन, एकूण आठ. खाच मारून बसवले, नुसते टेकवून नाही. पाचव्यानंतर डुलणं थांबलं. आठव्यानंतर मी तुळईला लोंबकळून पाहिलं. बायकोनं फोटो काढला, तो मी कुणाला दाखवत नाही.

छपराचा कोन ३० अंश ठेवला होता. मधोमध एक अष्टकोनी ठोकळा, त्याला चार कोपऱ्यांचे वासे आणि चार बाजूंचे वासे येऊन भिडणार. ठोकळा तात्पुरत्या टेकूवर ठेवला. भाच्यानं एक वासा खालून धरला, मी शिडीवर. कोपऱ्याच्या वाशाचं वरचं टोक ३० अंशांत कापलं होतं, छप्पर ३० अंशांचं म्हणून. वासा ठोकळ्याला वरच्या कडेला टेकला आणि खाली चांगली बोटभर फट. भाचा म्हणाला, "मामा, यात पाचर घालायची का?" दहा मिनिटं मी ती फटच बघत होतो. मग डोक्यात प्रकाश पडला. कोपऱ्याचा वासा तेवढीच उंची चढतो, पण कर्णावरून, म्हणजे लांबच्या वाटेनं. बाजूच्या वाशाला १.५ मीटरमध्ये ८७ सेंटीमीटर चढायचंय, कोपऱ्याच्या वाशाला २.१२ मीटरमध्ये. त्याचा कोन २२ अंशांचा. वळचणीसाठी जास्तीची लांबी ठेवली होती म्हणून तो वासा वाचला, नाहीतर सरपणात गेला असता. बाकीचे तीन आधी पुठ्ठ्यावर आखून कापले आणि समोरासमोरच्या जोड्यांनी चढवले, म्हणजे ठोकळा एका बाजूला रेटला जात नाही.

त्यानंतरचं काम सुखाचं. रिपा मारल्या, वळचणीकडून वर एकावर एक चढत्या फळ्या लावल्या. एकच पथ्य: वरच्या फळीचा स्क्रू खालच्या फळीतून जाऊ द्यायचा नाही. दोन्ही एकत्र जखडल्या तर आक्रसताना मधोमध चिरतात. शेंड्यावर जस्ताच्या पत्र्याची टोपी.

पहिल्या उन्हाळ्यात खांबांना उभ्या चिरा गेल्या. एकीत नाणं मावायचं. घाबरून काकांना बोलावलं, त्यांनी चीर नखानं तपासली आणि म्हणाले, "रेषेनं गेलीय, आडवी नाही. लाकूड वाळतंय, जाऊ दे." मग मोठं वादळ झालं. रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेलो. खांबाला कान लावला तर आत बारीक थरथर होती, पण तुळईच्या सांध्यात कुठे कुरकुर नव्हती. पायाखालची फळी मात्र माझ्या वजनानं लवत होती, आणि खांब तिच्यासोबत लवत नव्हता.

फक्त एक चुकलं. पागोळ्या थेट डेकच्या एकाच रांगेवर पडतात. त्या दोन फळ्यांवर हिरवं शेवाळ आलंय आणि मी एकदा घसरलोयही. येत्या रविवारी पन्हळ लावायचीय. वळचणीच्या फळ्यांची मापं घेऊन झाली आहेत, आता पाणी कोणत्या कोपऱ्याला काढायचं यावर घरात वाद चालू आहे.