‘रीब्रीदरची सगळी सोय आहे’ म्हणणाऱ्या बोटीवरचे ६ दिवस

काल रात्री डाइव्ह ट्रिपवरून परत आलो, अंग अजून आंबलेलं आहे, पण राग आहे तोवर लिहून टाकतो, नाहीतर दोन आठवड्यांनी मीच सगळ्यांना "मस्त झाली ट्रिप" सांगत सुटेन.

माझ्याकडे रीब्रीदर आहे, म्हणजे सोडलेला श्वास स्वच्छ करून परत देणारं डायव्हिंगचं मशिन. बुकिंगच्या आधी बोटवाल्यांना सरळ विचारलं होतं, ऑक्सिजन किती बार दाबापर्यंत भरता, कार्बन डायऑक्साइड शोषणारं सॉर्ब कुठलं ठेवता, बेलआउटच्या (मशिन बिघडलं तर वापरायच्या) बाटल्या किती आहेत. उत्तर एका ओळीचं आलं, रीब्रीदरची सगळी सोय आहे. त्या एका ओळीवर मी पैसे भरून मोकळा झालो. तुम्हाला अशी ओळ आली तर सोय नाही असंच धरा, ज्याच्याकडे सोय असते तो आकडे सांगतो.

हे सगळं मॉड वन (रीब्रीदरचा पहिला कोर्स) झालेल्या आणि स्वतःच्या मशिनवर निदान ३०-४० तास काढलेल्या माणसासाठी लिहितोय. लूप म्हणजे काय, डिल्युएंट कशाला, हे इथे फार सांगत बसत नाही.

पहिल्याच संध्याकाळी माझी ऑक्सिजनची बाटली भरून आली ती ११० बारला. बूस्टर पंप बंद, मोठ्या सिलिंडरमधून जेवढं आपोआप उतरेल तेवढंच, आणि बिलात मात्र दर वेळी पूर्ण बाटली! तासभर भांडलो त्यावर. आता वाटतं नको त्या गोष्टीवर भांडलो. पैशाची लूट ती लूटच, पण जिवाच्या दृष्टीने हिशेब करा, ३ लिटरची बाटली ११० बारला म्हणजे ३३० लिटर, ५० बार हातचे राखले तरी १८० लिटर उरतात, आणि पोहताना आपण मिनिटाला साधारण १ लिटर ऑक्सिजन जाळतो, मग खोली १० मीटर असो नाहीतर ४०. दीड तासाचा डाइव्ह आरामात निघतो. २ लिटरवाल्यांनी जरा हात आखडता घ्यावा, बस. मी मात्र या भांडणात एवढा गुंतलो की सॉर्बचा ड्रम नीट बघितलाच नाही.

खरं घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

माझ्या मशिनच्या मॅन्युअलमध्ये बारीक दाण्याचं सॉर्ब लिहिलंय, १ ते २.५ मिलिमीटर, सगळे ज्याला ७९७ म्हणतात ते. ड्रममध्ये होतं जाड दाण्याचं. दाणा जाड असला की तेवढ्याच डब्यात गॅसला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड दाण्यांच्या फटींतून पलीकडे निसटतो. वर झाकण अर्धवट लागलेलं, कधीपासून कोण जाणे. सॉर्बला काम करायला ओलावा लागतो, उघडं राहिलं की वाळतं, शिवाय हवेतला सीओटू खात बसतं ते वेगळंच. डेकवरचा पोरगा म्हणाला, सर पांढरंच आहे अजून, चांगलं आहे. मी मान डोलावली!! एवढी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की रंगावर जाऊ नका, रंग बदलणारं सॉर्बसुद्धा थोडा वेळ पडून राहिलं की पुन्हा मूळ रंगावर येतं, आणि स्वतः मान डोलावली.

पहिले दोन दिवस उथळ डाइव्ह होते, काही जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी ३४ मीटरवरचं बुडालेलं जहाज. डबा नवीन भरला, त्याच ड्रममधून, घाईत, आणि कडेने नीट ठोकूनही घेतला नाही. गळतीचे पॉझिटिव्ह निगेटिव्ह चेक झाले, ५ मिनिटं नाक दाबून प्रीब्रीद केलं, म्हणजे उतरण्याआधी लूपमधून (मशिनच्या बंद नळ्यांतून) श्वास घेऊन बघितला, सगळं छान. तर प्रीब्रीदबद्दल ऐका, २०१५ मध्ये यावर एक अभ्यास छापून आलाय, त्यात स्क्रबर (सॉर्बचा डबा) अर्धवट निकामी होता तेव्हा २० पैकी फक्त २ जण ५ मिनिटांत थांबले, आणि स्क्रबर मुळीच नव्हता तेव्हासुद्धा ५ जणांना पत्ता लागला नाही. प्रीब्रीद कराच, ऑक्सिजन सोडणारा सोलेनॉइड चालतोय का, ऑक्सिजन मोजणारे सेल हलतायत का ते कळतं, पण सॉर्ब चांगलं असल्याचं सर्टिफिकेट म्हणून करू नका.

खाली करंट होता. जहाजाच्या कडेने करंटविरुद्ध १० मिनिटं पाय मारले असतील, आणि श्वास भराभर यायला लागला. मला वाटलं फिटनेस कमी पडतोय. मग स्लेटवरचा प्लॅन वाचला, पुन्हा वाचला, तिसऱ्यांदा वाचला आणि एक अक्षर डोक्यात शिरेना. हँडसेटवर तिन्ही सेल ऑक्सिजनचा दाब १.२ दाखवत होते, एकदम सरळ. इथेच माणूस फसतो, सेल ऑक्सिजन मोजतात, सीओटूचं त्यांना काही देणंघेणं नसतं, स्क्रीन हिरवीगार असताना लूप तुम्हाला गुदमरवू शकतो.

हात बीओव्हीवर (माउथपीस न काढता बेलआउटवर नेणाऱ्या व्हॉल्व्हवर) गेला आणि एक चौथाई फिरवला तेवढंच आठवतंय. बीओव्ही नसता तर? त्या क्षणी तोंडातलं काढून दुसरं रेग्युलेटर तोंडात घालायचं म्हणजे मधे एक श्वास दाबून धरायचा, आणि मला अर्धा सेकंदही धरवत नव्हता. ज्यांच्या मशिनवर बीओव्ही नाही त्यांनी पुढच्या ट्रिपचे पैसे आधी तिकडे घालावेत. माउथपीसचा पट्टाही बांधा, शुद्ध हरपली तर तोंडातून लूप सुटू नये म्हणून असतो तो, कुरूप दिसतो म्हणून काढून ठेवणारे खूप पाहिलेत.

दुसरा धक्का असा की बेलआउटवर गेल्यावर लगेच बरं वाटत नाही. मला वाटलं होतं पहिल्याच घोटात सुटका, कसलं काय, दोन-तीन मिनिटं तसंच धापा टाकणं, उलट वाटलं बेलआउटचा गॅसच खराब आहे आणि परत लूपवर जावं. जाऊ नका. चिकटून राहा. माझी ७ लिटरची बाटली होती २०० बारची, म्हणजे १४०० लिटर, ऐकायला भरपूर. पण ३४ मीटरवर दाब ४.४ बार, धापा टाकताना मिनिटाला ३५ लिटर धरा, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या वर. तळाशीच बसलो असतो तर ९ मिनिटांत रिकामी. बोटीला हात लागला तेव्हा ७० बार उरले होते. बेलआउट मोजताना शांत श्वासाचा आकडा धरून मोजणाऱ्यांनी पुन्हा गणित मांडावं.

संध्याकाळपर्यंत डोकं फुटायची वेळ आली होती, बंकवर पडून अँड्र्यू फॉकचा २०१३ चा पेपर वाचत बसलो (वेळ चुकीची निवडली), १९९८ ते २०१० मधले रीब्रीदरवरचे १८१ मृत्यू, आणि धोका ओपन सर्किटच्या (साध्या स्कुबाच्या) ४ ते १० पट असावा असा अंदाज. चौथ्या दिवशी पाण्यात गेलो नाही.

तर करायचं काय? सॉर्ब स्वतःचं न्या, सीलबंद डब्यात, आणि त्याचं सेफ्टी डेटा शीट छापून सोबत ठेवा, विमानतळावर पांढऱ्या दाण्यांची पिशवी बघून कोणीही अडवणार, तिथे तोंडी समजावण्यात अर्थ नाही. नेणं शक्यच नसेल तर बोटीकडून ग्रेड आणि सीलबंद ड्रमचा फोटो मागवा, आणि चढल्यावर झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. मशिनच्या स्क्रबरचे छापलेले तास हे ठरावीक खोली, ठरावीक गारवा आणि त्यांनी सांगितलेल्या सॉर्बवरचे असतात, दुसरं सॉर्ब घातलं की तो आकडा तुमचा राहत नाही. अर्धा वापरलेला डबा ‘अजून तासभर चालेल’ म्हणून दुसऱ्या दिवशी लावू नका.

सोबतच्या एकाचं सेलवरून झालं, थोडक्यात सांगतो. तीनपैकी दोन सेल एकाच वयाचे, म्हातारे, दोघं मिळून चुकीचा आकडा दाखवत होते आणि मशिनने बहुमताने तिसऱ्या चांगल्या सेललाच बाद ठरवलं. त्याने २० मीटरवर डिल्युएंट फ्लश केला, म्हणजे लूपमध्ये ऑक्सिजनचं प्रमाण माहीत असलेला गॅस सोडून सेल तपासले, डिल्युएंट साधी हवा असेल तर तिथे ०.६३ दिसायला हवं, आणि फक्त बाद झालेल्याच सेलने ते दाखवलं. तिन्ही सेल एकदम बदलू नका, वेगवेगळ्या महिन्यांत बदला.

बोटीवर सगळे एकच विचारत होते, कुठलं मशिन घ्यायचं, मॅन्युअल की इलेक्ट्रॉनिक. माझं मत विचाराल तर ज्याचा शिकवणारा जवळ आहे आणि ओ-रिंगपासून सेलपर्यंत सगळं आठवड्यात मिळतं ते घ्या. इलेक्ट्रॉनिकवाले स्क्रीन बघायचं विसरतात, मॅन्युअलवाले ऑक्सिजन घालायचं, मरायचे रस्ते दोन्हीकडे आहेत. सेकंडहँड स्वस्तात मिळालं तर सर्व्हिसचा खर्च मिळवून मगच स्वस्त म्हणा.

पाचवा आणि सहावा दिवस छान गेला, सोबतच्याने त्याच्या सीलबंद डब्यातलं सॉर्ब दिलं, पाणी स्वच्छ, मासे वगैरे. सहाव्या दिवशी वर येताना तर इतका खूश होतो की त्याच बोटीचं पुढचं बुकिंग करणार होतो, सुदैवाने बिल आधी आलं. त्यात त्या ड्रममधल्या सॉर्बचे पैसे किलोवर लावलेले, मी दिले नाहीत. उतरायच्या आधी मार्कर घेऊन ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘जाड दाणा, उघडा राहिलेला’, आणि खाली तारीख टाकली. पोरगा बघत होता, काही बोलला नाही, झाकण तेवढं नीट लावलं त्याने.