तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्रपूरचा कोळसा किती वर्षं पुरेल?

लग्नाच्या पंगतीत असो की वरोऱ्याच्या बस स्टँडवर, मी कोळशाच्या सर्वेक्षणात होतो हे कळलं की प्रश्न ठरलेला: "आपला कोळसा आणखी किती वर्षं पुरेल?" महाराष्ट्रात सुमारे 13 अब्ज टन कोळसा आहे असं वाचलेलं असतं, त्याला वर्षाच्या उत्पादनाने भागलं की झालं, असं वाटतं. पण तो जमिनीत असलेला कोळसा. हाती येणारा वेगळा, आणि बराच कमी.

मुळात हिशोब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर 10 मीटर जाडीचा थर, कोळशाचं विशिष्ट गुरुत्व 1.5, म्हणजे दीड कोटी टन. अडचण त्या 10 मीटरची. माझी बरीच वर्षं वर्धा खोऱ्यात कोअर बॉक्सपुढे, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नमुन्यांच्या पेट्यांपुढे, उकिडवं बसण्यात गेली. नळीतून निघालेले दांडके ओळीने लावायचे, पाणी मारायचं, चकाकणारा कोळसा कुठे, मातकट शेल कुठे, ते टेपने मोजायचं. 3 मीटर ड्रिल केलेलं असतं आणि बॉक्समध्ये भरतात जेमतेम सव्वादोन. उरलेलं पाऊण मीटर काय होतं? भुसभुशीत कोळसा पाण्याबरोबर वाहून गेला, की चिकणमातीचा पट्टा? मग बोअरमध्ये यंत्र सोडून घनता तपासायची. जास्त राखेचा कोळसा वजनाला जड, त्यामुळे टनांचा आकडा फुगतो आणि उष्णता मात्र कमी मिळते.

त्यात दोन बोअरच्या मधलं काहीच दिसत नाही. जुन्या भारतीय पद्धतीत बोअरपासून 200 मीटरच्या आतला साठा 'प्रूव्हड', म्हणजे खात्रीचा. त्यापलीकडचा 'इंडिकेटेड', आणखी लांबचा 'इन्फर्ड', म्हणजे निव्वळ अंदाजाचा. एकदा तीन बोअरना साठ मीटर खोलीच्या आसपास थर लागला, नकाशावर मी सरळ रेघ ओढली. चौथा बोअर 130 मीटर गेला, नुसता वाळूचा दगड. मध्ये फॉल्ट होता, म्हणजे खडकाला भेग पडून थर सरकला होता. ती रेघ खोडताना जे वाटलं ते अजून आठवतं, कारण तिच्या भरवशावर टन मोजून झाले होते.

थर नक्की झाला तरी काढायचा कसा, हा प्रश्न उरतोच. खुल्या खाणीत बहुतेक कोळसा निघतो, पण एक टन कोळशामागे किती घनमीटर माती-दगड हलवावा लागतो त्यावर सगळं ठरतं. भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडावे लागतात. वर गाव, रेल्वे किंवा नदी असेल तर ते कायमचे सोडायचे. गॅलरी, म्हणजे कोळसा खोदत नेलेला बोगदा, साधारण 3 मीटर उंच, थर मात्र कितीतरी जाड. अशा ठिकाणी निम्म्याहून जास्त कोळसा खालीच राहतो, आणि तो राहायलाच हवा. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. त्या दिवसापासून 'खांबात अडकलेला साठा' हे शब्द मला नुसते रकान्यातले वाटत नाहीत.

ताडोब्याजवळच्या लोहाऱ्याचा कोळसाही नकाशावर आहे. 2009 मध्ये तिथल्या खाणीचा प्रस्ताव नाकारला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. वाघांच्या वाटेखालचा कोळसा मी 'काढण्याजोगा' धरत नाही.

आकडा वाढतोही बरं का. जुन्या भूमिगत खाणींवर आता खुल्या खाणी झाल्या आहेत. शॉवेलने कड उकरली की काळ्या भिंतीत चौकोनी पोकळ्या दिसतात, त्या जुन्या गॅलऱ्या. मधला कोळसा म्हणजे तेव्हा सोडलेले खांब. एके काळी हिशोबातून वजा केलेला माल आज डंपरमध्ये भरला जातो.

म्हणून तुम्हाला वर्षं सांगण्याआधी मी उलट विचारतो: किती खोलीपर्यंतचा, कोणत्या भावाला, आणि वर कोण राहतं? एकदा शेताच्या धुऱ्यावर ड्रिल लावली होती. तिथल्या शेतकऱ्याने कोअर हातात घेऊन पाहिला, जाडी विचारली नाही, टन विचारले नाहीत. म्हणाला, "मंग आमचं वावर कधी जाते, साहेब?"